सेल्फवाल्या कल्याणप्पाची येळवस

लोहाऱ्यात बसस्टँडच्या मागं एका पत्र्याच्या शेडमध्ये कल्याणप्पा बसतो. गाड्यांचे सेल्फ आणि डायनामो दुरुस्त करणं हा त्याचा धंदा आणि गाडीवाल्यांची अक्कल काढणं हा छंद. सेल्फ म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला हिसका देणारी मोटर. ती रुसली की भल्याभल्यांची गाडी दारात धोंड्यासारखी पडून राहते, मालक पाहुण्यांदेखत धक्का मारतो, घाम पुसतो, आणि शेवटी नाइलाजानं कल्याणप्पाचं नाव काढतो. नाइलाजानं अशासाठी, की त्याच्याकडे गेलं की आधी स्वतःची किंमत करून घ्यावी लागते, मग गाडीची पाळी येते.

तो आईबहिणीवरून शिव्या देत नाही. तसल्या शिव्या देणाऱ्याला तो अडाणी समजतो. तो हातातला पाना फडक्यानं पुसत, शांतपणे, चारचौघांत माणसाची लायकी सांगतो. गाडी आपण होऊन कधी बिघडत नाही, बिघडवणारा तिच्यात बसून आलेला असतो, हे त्याचं मत. नवे मेकॅनिक तर त्याच्या लेखी माणसांत जमाच नाहीत. "ह्येंना बिघाड कळत न्हाई, निस्तं सामान बदलाय येतं," असं तो म्हणतो. "उद्या बायकोचं डोस्कं दुखलं तर बायको बदलून आणत्याल."

चौसष्ट वर्षांचा झाला तरी ही जीभ काही झिजली नाही. आणि खरी पंचाईत अशी, की कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. माणूस नुसता तोंडाळ असता तर लोकांनी कधीच वाळीत टाकला असता.

सेल्फ खोलण्याआधी अर्थ, म्हणजे अर्थिंग, बघावा, हा त्याचा पहिला धडा. इंजिन रबराच्या गाद्यांवर बसलेलं असतं, म्हणून इंजिन आणि गाडीची बॉडी यांना जोडणारी तांब्याची एक विणलेली पट्टी असते. बॅटरीतून निघालेला करंट त्या पट्टीतून परत फिरतो. पट्टीची गाठ सैल असली, गंजलेली असली, की सेल्फ कितीही धडधाकट असो, ढिम्म हलत नाही. हे ठाऊक नसलेले लोक आधी सेल्फ खोलतात. अशा लोकांची कल्याणप्पानं चाळीस वर्षं जी चामडी सोलली आहे ती ऐकायला बसस्टँडवरचे रिकामे लोक शेडपुढं येऊन उभे राहतात.

आता येळवशीचं सांगायला हवं. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावंच्या गावं ओस पडतात. झाडून सगळे शेतात जातात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारतात, पाच दगडांचे पांडव मांडतात, शेंगा-भाज्यांची भज्जी, आंबील, खीर, बाजरीचे उंडे यांची पंगत बसते. त्या दिवशी गावात जो सापडेल तो एक तर आजारी असतो, नाही तर पोलीस. ज्याला शेत नाही त्यालाही कोणी ना कोणी बोलावतं. एकाच्या घरी दहा बोलावणी येतात, आणि कोणाच्या शेतात किती माणूस जेवलं यावर पुढं महिनाभर गप्पा चालतात.

कल्याणप्पाला गुंठाभरही जमीन नाही. तरी एके काळी त्याच्या घरी नऊ शेतांची बोलावणी यायची. मग योगीराजचं शेत गेलं. योगीराजच्या जीपचा सेल्फ अडकायचा, म्हणून त्यानं सीटखाली एक गोल दगड ठेवला होता आणि रोज सकाळी खाली वाकून तो सेल्फवर दोन टोले द्यायचा. कल्याणप्पानं तो दगड हातात घेतला, भरल्या बाजारात तोलून पाहिला आणि म्हणाला, "योगीराज, ह्या दोन दगडांतला कंचा सीटखाली ठिवायचा आन् कंचा चालवाय बसवायचा, ते तू आदी ठरीव." बाजार हसला. त्या साली योगीराजकडून बोलावणं आलं नाही. पुढं गोपाळकृष्ण गुरुजींनी दसऱ्याला बॅटरीच्या टर्मिनलांना हळदकुंकू आणि तेल माखलं आणि गाडी बंद पाडली. "गुरुजी, तुमच्या हाताखालनं गेल्याली पोरं कशी निपजली असतील ते आज समजलं," असं कल्याणप्पानं त्यांना त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांसमोर ऐकवलं. ते शेतही गेलं. अशी एकेक करत आठ गेली.

"मला सासरचं शेत न्हाई म्हणून म्या कदी बोलले न्हाई," त्याची बायको महेश्वरी म्हणायची. "लोकांची नऊ व्हती. तुमी तोंडानं घालवली."

"गाढवांच्या पंगतीला बसून भज्जी खायाची म्या काय आस धरली न्हाई," कल्याणप्पा म्हणायचा. महेश्वरी गप्प व्हायची. ती काही वेळा इतकी गप्प व्हायची की त्यालाही स्वतःचा आवाज मोठा वाटायचा. पण तो विचार त्यानं फार काळ डोक्यात ठेवला नाही.

राहिलं होतं ते माकणीच्या बलभीमरावांचं एकच शेत. धरणाच्या पाण्यालगत साठ एकर, आणि दारात वडिलांच्या वेळची, चौऱ्याहत्तर सालची पांढरी अँबेसिडर. यंदा त्या शेताची गरज पहिल्यापेक्षा जास्त होती. कल्याणप्पाची एकुलती एक लेक अर्पिता हिचं वैशाखात लग्न झालं होतं, आणि लग्नानंतरची पहिली येळवस जावयानं सासरवाडीला करायची, अशी महेश्वरीच्या माहेरची रीत. जावई शिवपुत्र उमरग्याला शाळेत गणित शिकवायचा. तो लेकीला घेऊन येणार, आणि त्याला घेऊन जायला सासऱ्याकडं शेतच नाही म्हणजे काय? ओस पडलेल्या लोहाऱ्यात, पत्र्याखाली, स्टोव्हवर भात टाकून त्याला जेवू घालायचं? महेश्वरीला महिनाभर झोप नव्हती.

येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळीच बलभीमरावांचा फोन आला.

"कल्याणप्पा, गाडी सेल्फ घेईना झालीया. उद्या पुण्याचे पावणे आणायचेत त्या गाडीनं. लगेच ये. आन् उद्या समद्यांना घिऊन ये जेवाय. जावई बी येतोय म्हणं."

एका दमात काम आणि बोलावणं. महेश्वरीनं नवऱ्याची पिशवी भरली, पाने मोजून ठेवले आणि दारात आडवी उभी राहिली.

"आज तोंड उघडायचं न्हाई."

"चुकीचं दिसलं तर सांगू बी नगं?"

"सांगू नगा. पाना चालवा आन् या. पोरीच्या संसाराचा पैला सण हाय."

पोरीचं नाव निघालं तेव्हा कल्याणप्पाला माघार घ्यावी लागली. त्यानं शब्द दिला.

माकणीला पोचल्यावर त्याला कळलं की महेश्वरीनं केवढं मोठं काम सांगितलं होतं. बलभीमरावांचा मुलगा इंद्रजित यानं ती गाडी पुण्याच्या कुठल्याशा गॅरेजातून 'नवी' करून आणली होती. नवी म्हणजे काय, तर आत लाल सीटा, डॅशबोर्डवर निळे दिवे, आणि बॉनेट उघडलं तर आतलं सगळं इंजिनघर चंदेरी रंगानं फवारलेलं. नट चंदेरी, बोल्ट चंदेरी, पाइप चंदेरी. लग्नातल्या बँडवाल्याच्या कोटासारखी ती गाडी चमकत होती. सेल्फ नाही चालला तर गाडी सुरू करायला पुढून घालायचं जे लोखंडी हँडल असतं, ते इंद्रजितनं "जुनं लोखंड" म्हणून भंगारात घातलं होतं. हे त्यानं अभिमानानं सांगितलं.

कल्याणप्पाच्या जिभेवर चार वाक्यं एकदम आली. एकेक असं, की बलभीमरावांच्या खानदानाला तीन पिढ्या पुरलं असतं. त्यानं ती गिळली.

"दिवे लाव," तो एवढंच म्हणाला. दिवे लख्ख लागले. म्हणजे बॅटरी ठणठणीत. "आता सेल्फ मार." इंद्रजितनं चावी फिरवली. 'टक' असा बारीक आवाज झाला आणि पुढं काही नाही. दिवे जरासुद्धा मंदावले नाहीत.

चाळीस वर्षांच्या सेल्फवाल्यानं इथं थांबायला हवं होतं. दिवे मंदावत नाहीत म्हणजे सेल्फनं करंट ओढलेलाच नाही. करंटाची वाट कुठं तरी तुटली आहे. आणखी एक गोष्ट झाली. इंद्रजित खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, एक गंमत सांगू? सेल्फ मारताना चोकची तार गरम होते. परवा चटका बसला हाताला."

कल्याणप्पानं त्याच्याकडं पाहिलं. लाल सीट, निळे दिवे आणि त्यात बसलेलं हे ध्यान, म्हणे गंमत सांगू. हँडल भंगारात घालणाऱ्या पोरानं गाडीबद्दल सांगावं आणि कल्याणप्पानं ऐकावं, एवढे वाईट दिवस अजून आले नव्हते. जीभ आवरायची होती म्हणून त्यानं कानही बंद करून घेतले.

"इंजिन धुतलं व्हतं का?"

"हां, प्रेशरच्या पाण्यानं. फोटो काढायचे होते ना."

झालं तर मग. फोटोपायी सेल्फमध्ये पाणी मारलं, आत करंट पोचवणारे कार्बन जागेवर चिकटले. कल्याणप्पाचा निकाल लागला. त्यानं बॅटरीची तार सोडवली, गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरला.

त्या गाडीचा सेल्फ काढणं हे देवानं माणसाची परीक्षा घेण्यासाठी ठेवलेलं काम आहे. दोनच बोल्ट. खालचा दिसतो पण पाना फिरायला जागा नाही. वरचा हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. तो बोटांनी चाचपायचा, पाना आंधळ्यासारखा बसवायचा आणि मनगट मोडेपर्यंत पाव पाव फेरा द्यायचा. वर पुण्याच्या त्या गाढवांनी बोल्टावरही रंग मारलेला. कल्याणप्पाच्या डोळ्यांत चंदेरी पापुद्रे पडत होते. बलभीमराव लिंबाखाली खुर्ची टाकून फोनवर पाहुण्यांना सांगत होते, "गाडीची काळजी नको. आपला माणूस आलाय." आपला माणूस खाली पाठीवर झोपून दोन तास कण्हत होता. शेवटी सेल्फ सुटला आणि त्याच्या छातीवर आला. पोटच्या पोराला धरावं तसा त्यानं तो दोन्ही हातांनी धरला आणि बाहेर सरकला.

सेल्फ गोणपाटावर ठेवून त्यानं त्यावर पाय दाबला आणि बॅटरीपासून दोन तारा थेट लावल्या. दाव्यातून सुटलेल्या वासरासारखा सेल्फ पायाखाली उसळला आणि खणखणीत फिरला. त्याला काहीही झालेलं नव्हतं.

कल्याणप्पानं तारा काढल्या. पुन्हा लावल्या. पुन्हा तसाच फिरला.

चोकची तार. त्याच्या कानात आता ते वाक्य शिरलं. इंजिनाचा अर्थ तुटला की करंट परतायला मिळेल ती वाट धरतो, आणि इंजिनापासून डॅशबोर्डापर्यंत जाणारी बारकी चोकची तार हीच ती वाट, म्हणून ती तापते. हे शेडपुढल्या रिकामटेकड्यांनासुद्धा त्यानं शंभर वेळा सांगितलं होतं. त्यानं वाकून पट्टी पाहिली. पट्टीखाली, बॉडीच्या पत्र्यावर, रंगाचा जाड थर होता. रंगवाल्यानं पट्टी सोडली, खाली रंग मारला आणि वरून पट्टी पुन्हा आवळून टाकली. पाच मिनिटांचं काम होतं. पॉलिश पेपरचा एक तुकडा पुरला असता.

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. इंद्रजित फोनमध्ये होता, बलभीमराव पाठमोरे. कल्याणप्पानं गुपचूप पत्रा घासला, तांबं घासलं, पट्टी आवळली. सेल्फ पुन्हा चढवायला आणखी दीड तास गेला. चावी फिरवली तशी गाडी पहिल्या हिसक्याला सुरू झाली.

"वा रं पठ्ठ्या," बलभीमराव म्हणाले. "काय झालतं?"

"कार्बन अडकले व्हते," कल्याणप्पा म्हणाला. "पाणी गेलतं."

माणसांबद्दल तो वाटेल ते बोलला असेल, पण यंत्राबद्दल त्यानं आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं. एका अर्थी त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी ती एकच गोष्ट होती, आणि तीही त्यानं त्या चंदेरी गाडीपुढं टाकून दिली. त्याला स्वतःची शिसारी आली. सवय नसल्यामुळं त्याला नेमकं काय होतंय हे आधी समजलंच नाही. उन्हानं होत असेल असं वाटलं.

"आज लई गप हायस," बलभीमराव म्हणाले. "तब्येत बरी हाय न्हवं? उद्या असा गप ऱ्हाऊ नगं बाबा."

कल्याणप्पाला वाटलं, काहीही असलं तरी या माणसाला आपली काळजी आहे.

येळवशीला सगळं महेश्वरीनं मनात धरलं होतं तसंच झालं. शिवपुत्र आणि अर्पिता मोटारसायकलवर, कल्याणप्पा आणि महेश्वरी त्याच्या जुन्या स्कूटरवर, असे चौघं माकणीच्या शेतात पोचले. ज्वारी पोटऱ्यात आली होती, हरभऱ्याला घाटे धरले होते, पलीकडं धरणाचं पाणी. पुण्याचे पाहुणे अँबेसिडरमधून उतरले आणि गाडीपुढं उभं राहून फोटो काढून घेऊ लागले. बलभीमरावांच्या पत्नी सत्यभामाबाई यांनी अर्पिताची ओटी भरली, जावयाला नवा रुमाल दिला. पंगतीत शिवपुत्रनं दोनदा भज्जी मागून घेतली, आणि ते पाहताना महेश्वरीचा चेहरा लग्नातही नव्हता इतका निवांत झाला. अशा चांगल्या दिवशी कल्याणप्पाच्या डोक्यात मात्र कालची पट्टी होती.

जेवणं उरकली. पानं फिरली. बलभीमरावांनी लोडाला टेकून हाताची घडी सोडली.

"हां, आता बसा समदे. कल्याणप्पा, ती योगीराजच्या दगडाची सांग."

सतरंजी ओढली गेली. माणसं सरकून गोल बसली. कोपीतून बायका हात पुसत आल्या. इंद्रजितनं तांब्याला फोन टेकवून उभा केला. पुण्याच्या पाहुण्यांतल्या एक बाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाल्या, "हेच का ते? इंद्रजितनं ज्यांचा व्हिडिओ पाठवला होता?"

कल्याणप्पानं ते ऐकलं, पण जीभ आधीच सुटली होती. दोन दिवस कोंडलेली जीभ ती, तिला कोण आवरणार? त्यानं योगीराजची जीप उभी केली, योगीराजला वाकवला, टोले हाणले. लोक हसू लागले. शिवपुत्र आधी जावयाच्या मर्यादेत हसला, मग मोकळा हसला. कल्याणप्पानं हाताचा दगड केला, तो तोलला, आणि शेवटच्या वाक्यासाठी मान वर केली.

बलभीमरावांचे ओठ हलत होते. ते कल्याणप्पाचं वाक्य त्याच्या आधी पुटपुटत होते, शब्दन्शब्द, डोळे मिचकावून, बाजूच्या पाहुण्याला कोपरानं ढोसत. आता बघा, आता बघा, असं.

कल्याणप्पाचा हात तसाच राहिला.

"पुढं?" बलभीमराव म्हणाले. तो बोलेना, तेव्हा त्यांनीच वाक्य पुरं केलं. "कंचा सीटखाली ठिवायचा आन् कंचा चालवाय बसवायचा!" कल्याणप्पाचाच हेल, कल्याणप्पाचंच मानेचं वळण. खो खो हशा उठला. "आता गुरुजींची सांग."

कल्याणप्पानं सगळ्यांकडं पाहिलं. कोणाच्याच तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती, मानही नव्हता. डोंबाऱ्याभोवती माणसं बसतात तशी ती बसली होती. आजवर आपण या लोकांची लायकी काढतो आहोत असं त्याला वाटत होतं, आणि हे दर साली जेवू घालून त्याला नाचवत होते. शिवपुत्र डोळे पुसत हसत होता. अर्पिता खाली बघून पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती. ती एकटीच हसत नव्हती, आणि ते तिनं आज पहिल्यांदा केलेलं दिसत नव्हतं.

"गुरुजींची ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आज नवी सांगतो."

"आरं वा," बलभीमराव सावरून बसले.

"काल ह्याच माकणीत एक सेल्फवाला आलता. लई शाणा. दिवे लख्ख, सेल्फ गप. पोरगं सांगतंय, चोकची तार तापतीया. आवं, बैलाला सांगितलं असतं तर त्यो बी म्हणला असता, आदी अर्थ बघ. पण ह्ये बेणं ऐकंना. पोरगं येडं हाय, त्याचं काय ऐकायचं? शिरला गाडीखाली. दोन तास पाठीवर लोळून चांगला धड सेल्फ खोलला, छातीवर घेतला, परत बसवला. आन् मालकानं इचारलं तर कार्बन अडकले म्हणून सांगितलं. पाच मिनिटं पत्रा घासायचं काम, आन् ह्याचं अर्धं आयुष्य दुसऱ्याला मूर्ख म्हणण्यात गेल्यालं."

सांगण्याची ढब तीच होती, म्हणून लोक त्याच जागी त्याच पद्धतीनं हसत गेले.

"कोण हो हा?" पुण्याच्या बाईंनी विचारलं.

"म्या."

हे तर सगळ्यात मोठं. कोणी मांडीवर थाप मारली, कोणाला ठसका लागला. फक्त शिवपुत्र हसायचा थांबला. त्यानं सासऱ्याकडं नीट पाहिलं आणि हातातला नवा रुमाल घडी करून बाजूला ठेवला.

"म्हंजी सेल्फ चांगलाच व्हता?" बलभीमरावांनी विचारलं.

"चांगलाच व्हता."

"मी म्हणलं होतं न्हवं बाबा, तार तापते म्हणून!" इंद्रजित उडालाच.

बलभीमरावांनी कल्याणप्पाकडं पाहिलं. खोटं बोललास म्हणून त्यांनी रागवावं, गाडीवरून चार शब्द सुनवावेत, असं कल्याणप्पाला अगदी आतून वाटलं. रागावतात ते माणसावर. पण ते मान डोलावून हसले.

"झकास," ते म्हणाले. "त्या दगडापरीस ही बेस हाय. इंद्या, घेतलीस न्हवं फोनमंदी? पुढल्या साली पावण्यांना हीच ऐकवू."

कल्याणप्पा उठला. हात धुवायला म्हणून पाटाकडं गेला आणि तिकडूनच बांधानं स्कूटरपाशी आला. थोड्या वेळानं महेश्वरी डबा घेऊन आली. सत्यभामाबाईंनी बांधून दिलेले उंडे त्यात होते. अर्पिता आणि शिवपुत्र मोटारसायकलवर पुढं निघून गेले. जाताना शिवपुत्र खाली उतरला, सासऱ्याच्या पाया पडला आणि पुन्हा गाडीवर बसला. सकाळी येताना तो पाया पडला होता, पुन्हा पडायचं काही कारण नव्हतं.

रस्ता मोकळा होता. उन्हं कलली होती. दोन्ही अंगाला शेताशेतांत कोपी उभ्या होत्या आणि माणसांचे आवाज येत होते. निम्म्या वाटेवर कल्याणप्पानं स्कूटर बाजूला घेतली आणि बंद केली.

"तुला ठावं व्हतं?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"काय?"

"ही लोकं मला कशापायी बोलवत्यात ते."

महेश्वरीनं मांडीवरचा डबा सरळ केला.

"पैल्या सालापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी गेला नसता," ती म्हणाली. "आन् तुमी गेला नसता तर मला आन् पोरीला कोण बोलवत व्हतं?"

कल्याणप्पानं स्कूटरच्या हँडलवरची धूळ तळव्यानं पुसली. शेतातून कोणी तरी ओळखून हाक मारली, जेवून जा म्हणून हात केला. त्यानं तिकडं पाहिलं नाही.

"चला आता," महेश्वरी म्हणाली. "पोरगी दारात उभी असंल, किल्ली माझ्यापाशी हाय."